रेघ ओसरते तेव्हा : वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांविषयी

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आम्ही दिग्रसला मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली होती. विषय होता ‘माझे गाव’. अशा स्पर्धेत येतात तशीच चित्रे आली : दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, कौलारू घर, आमच्या भागात औषधालाही न सापडणारे नारळाचे झाड आणि घरापुढून वाहणारी निळीशार नदी. धावंडा उन्हाळ्यात कशी दिसते हे रोज पाहणाऱ्या मुलांनीही तिला निळेच रंगविले होते. त्या ढिगात एका मुलीचा कागद मात्र वेगळा होता. त्यावर काहीच काढलेले नव्हते. साऱ्या कागदभर काळा, तपकिरी आणि किंचित जांभळा रंग एकमेकांत मुरवलेला होता. खालच्या बाजूला तो ओला व गडद, वर जरा फिकट. ‘हे काय आहे?’ असे आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘वावर हाय, फादर. पाणी येऊन गेल्यावरचं.’ आम्ही हसलो. ‘पण बाळ, तू काही काढले तर नाहीस,’ असे म्हणून तो कागद बाजूला ठेवला. बक्षीस नारळाच्या झाडाला मिळाले.

पुढे काही कामानिमित्त दिल्लीला जाणे झाले. हाताशी एक दुपार मोकळी होती म्हणून आम्ही जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो. तेथे वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांपुढे उभे असताना आमच्या तोंडून, जणू सवयीनेच, तोच प्रश्न निघाला : ‘हे काय आहे?’ आणि त्याच क्षणी ती मुलगी आठवली. परीक्षक म्हणून आपण चुकलो होतो, ही टोचणी तेव्हापासून आमच्या मनात आहे. प्रस्तुत लेख त्या टोचणीतून निघाला आहे, हे वाचकांना आधीच सांगून ठेवणे बरे.

चित्र म्हणजे आधी रेघ आणि मग रंग, असा क्रम आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे. अंगणातली रांगोळी पाहा. आधी ठिपके, मग ठिपके जोडणाऱ्या रेषा आणि सर्वांत शेवटी चिमटीतून सोडलेले रंग. शाळेतही हेच शिकवितात. पेन्सिलीने बाह्यरेषा काढा, मग रंग भरा, आणि रंग रेघेबाहेर जाऊ देऊ नका. या क्रमात रेघ मालकीण असते व रंग तिचा चाकर. वस्तू कोणती हे रेघ सांगते. रंग फक्त ती सजवितो.

हा केवळ आपलाच ग्रह आहे असे नव्हे. सोळाव्या शतकातील इटलीत या प्रश्नावर दोन नगरांचे दोन पक्ष पडले होते. फ्लॉरेन्सचे चित्रकार रेखाटनाला कलेचा पाया मानीत. व्हेनिसचे चित्रकार थेट रंगाने आकार घडवीत. व्हेनिसच्या तिशियनचे चित्र पाहून मायकेलअँजेलोने त्याच्या रंगाची वाखाणणी केली. पण तेथील चित्रकारांना आरंभापासून नीट रेखाटन शिकवीत नाहीत याची हळहळही व्यक्त केली, असे चरित्रकार वसारीने नोंदविले आहे. म्हणजे ‘तू काही काढले तर नाहीस’ हे आमचे वाक्य तसे जुन्या आणि थोर परंपरेतले होते. पण परंपरा थोर असली म्हणून निकाल बरोबर ठरतो असे नाही.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला झाला. घराणे मूळचे गोव्याचे. पुढे कुटुंब मुंबईत गिरगावातील चाळीत राहिले आणि सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ साली पदविका घेतली. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा आदी मंडळी होती. त्या ग्रुपाशी १९५० च्या सुमारास गायतोंडे यांचाही संबंध आला. मात्र गटात असूनही ते गटाचे कधी झाले नाहीत. १९५७ साली तोकियो येथे भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली पद्मश्री हा किताब मिळाला. त्यानंतर मुंबई सोडून ते दिल्लीला निजामुद्दीन पूर्व येथे एका लहानशा जागेत एकटेच राहिले आणि १० ऑगस्ट २००१ रोजी वारले. बाह्य चरित्र एवढेच. खरे चरित्र कॅनव्हासवर आहे, आणि ते रेघ व रंग यांच्यातील नात्याचे चरित्र आहे.

या माणसाला रेघ येत नव्हती असे कोणी समजू नये. आरंभीच्या काळात त्यांनी भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला. त्या वेळच्या चित्रांत माणसे आहेत, त्यांना ठसठशीत बाह्यरेषा आहे आणि रेषांच्या आत सपाट, झगझगीत रंग आहेत. त्यानंतर पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा त्यांच्यावर प्रभाव पडला. क्लेची रेघ वस्तूची हद्द आखीत बसत नाही. फिरायला निघालेल्या पोरासारखी ती वाटेल तेथे वळते. गायतोंडे यांच्या पन्नाशीच्या दशकातील कामात अशी मोकळी रेघ दिसते. प्रथम आकृतीला बांधलेली, मग आकृतीपासून सुटलेली, मग नुसती खूण म्हणून उरलेली. त्या दशकाच्या अखेरीस आकृती गेल्या. साठीच्या दशकात रेघही ओसरू लागली आणि समोर राहिला तो रंग.

हे ‘ओसरणे’ आम्ही मुद्दाम म्हणतो. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या चिखलावर पाण्याच्या खुणा राहतात. गायतोंडे यांच्या प्रगल्भ चित्रांत रेघ तशी राहिली आहे. कोठे रंगाचा थर दुसऱ्या थराला भिडतो तेथे एक कड तयार होते. कोठे सुरीने रंग खरवडला तेथे एक ओरखडा उरतो. ही कड कोणी आखलेली नाही. ती घडली आहे. शाळेतल्या चित्रात रेघ आधी येते आणि रंगाला जागा देते. येथे रंग आधी येतो आणि जाता जाता रेघ मागे ठेवून जातो. क्रमाची ही उलटापालट म्हणजे आमच्या मते गायतोंडे यांच्या चित्रकलेतील मध्यवर्ती गोष्ट होय.

ती साधण्याची त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात गूढ कमी आणि कष्ट अधिक आहेत. कॅनव्हासवर पातळ रंगाचा थर द्यायचा. रोलर फिरवून तो पसरवायचा. सुरीने काही भाग काढून टाकायचा. कागदाचे कापलेले, फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून त्यांचे ठसे उमटवायचे किंवा रंग उचलून घ्यायचा. मग वर दुसरा पारदर्शक थर. म्हणजे जेवढे लावायचे जवळपास तेवढेच काढायचे. आमच्या भागातील शेतकरी नांगरटीनंतर वखराच्या पाळ्या घालतो, मग पावसाची वाट पाहतो, मग पुन्हा वखर. जमीन तीच, पण प्रत्येक पाळीनंतर तिचा पोत पालटतो. गायतोंडे यांचा पृष्ठभाग असाच अनेक पाळ्यांनी तयार झालेला असतो. अशा कामाला घाई चालत नाही. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास त्यांच्या हातून पुरे होत. काम नसे तेव्हा ते बसून राहत व पाहत. त्या बसण्यालाही ते कामच समजत.

परिणाम काय होतो? सत्तरीच्या दशकातील त्यांच्या उभ्या कॅनव्हासपुढे प्रथम एकच रंग दिसतो. समजा, मातकट पिवळा. दोन-तीन मिनिटे थांबले की तो एक राहत नाही. पिवळ्याखाली तांबूस, तांबूसाखाली काळपट, आणि कोठून तरी आतून आल्यासारखा उजेड. मेणबत्ती पेटवून तिच्याभोवती तळहात धरला असता बोटांच्या कडांतून जसा प्रकाश झिरपतो तसा तो असतो. चित्रातील उजेड येथे पांढरा रंग ओतून आणलेला नाही. वरचे थर विरळ करून खालच्याला वाट दिली आहे. या उजेडात मग काही खुणा तरंगताना दिसतात, कुठल्या तरी विसरलेल्या लिपीतील अक्षरांसारख्या.

या खुणांविषयी मात्र आमचे मत थोडे निराळे आहे, आणि ते सांगितले पाहिजे. जेथे त्या रंगात अर्ध्याअधिक बुडालेल्या असतात तेथे त्या चित्राचा श्वास वाटतात. पण काही कॅनव्हासांत त्या मधोमध नीट ओळीने मांडल्यासारख्या येतात. मग डोळा पाहणे सोडून वाचू लागतो, आणि वाचता येत नाही म्हणून चित्राचे कोडे होते. रेघेला निरोप दिल्यावर तिला दारातच घोटाळत ठेवावे, तसे काहीसे. थोर कलावंताच्या प्रत्येक कामापुढे सारखीच मान तुकवावी असा नियम नाही, आणि तशी तुकविली तर त्याच्या उत्तम कामाचा आपण अपमान करतो.

येथे सय्यद हैदर रझा यांची आठवण होते. तेही आपल्याच परिसरातले. जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातील बाबरिया या खेड्यातला. कलेचे पहिले शिक्षण १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत. नंतर अर्धे आयुष्याहून अधिक फ्रान्समध्ये गेले, आणि २०१६ साली मृत्यूनंतर मंडल्याला त्यांचे दफन झाले. रझांनीही वस्तू सोडली, पण रेघ सोडली नाही. त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत बिंदू, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ यांची रेखीव बांधणी आहे आणि प्रत्येक आकारात ठाम रंग आहे. रांगोळीचा क्रम तेथे शाबूत आहे. त्यामुळे आपल्यासारख्या प्रेक्षकाला रझा लवकर जवळचे वाटतात. त्यांच्या बिंदूला अर्थ आहे, आणि तो अर्थ सांगता येतो. गायतोंडे यांचा पिवळा रंग कशाचेच प्रतीक नाही. तो फक्त पिवळा आहे, आणि पाहत राहिले तर तेवढे असणे पुरते. दोघांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. पण रझा सांगतात आणि गायतोंडे थांबवितात, हा भेद लक्षात ठेवावा.

‘असे तर कोणीही करील,’ हा आक्षेप आता येईलच. तो आमच्याही मनात येऊन गेला आहे. त्याला उत्तर एकच, की करून पाहावे. एका कागदावर एकच रंग असा लावावा की पाच मिनिटांनंतरही तो पाहावासा वाटेल. आम्ही प्रयत्न केला. दुसऱ्या मिनिटाला कागद भिंतीसारखा दिसू लागला. दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतील एका लिलावात गायतोंडे यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांच्या आसपास विकले गेले, आणि पुढे तो आकडाही मागे पडला. ज्या जिल्ह्यात कापसाचे गणित चुकले म्हणून घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली, तेथे राहून असले आकडे वाचताना मन कडू होते. पण न्यायाने बोलायचे तर हे पैसे चित्रकाराने पाहिले नाहीत. तो तेव्हा जाऊन बारा वर्षे झाली होती, आणि जिवंतपणी त्याची राहणी एका खोलीची होती. किंमत हा बाजाराचा विषय आहे. तिच्यामुळे चित्र थोर ठरत नाही, तसेच ते खोटेही ठरत नाही.

आम्हांला स्वतःला खरी अडचण आणखी वेगळी वाटली. ती आमच्या व्यवसायातून येते. ही चित्रे पाहिल्यावर त्यांना ‘प्रार्थना’ म्हणण्याचा मोह धर्मगुरूला होतो. आतून येणारा उजेड, शांतता, एकांत, विरक्त राहणी : प्रवचनाला यापेक्षा सोयीचे साहित्य कोणते? पण वाचकहो, हा मोह आवरला पाहिजे असे आम्हांस वाटते. गायतोंडे यांच्या वाचनात रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती होते, झेन विचार होता. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. ‘वस्तुनिरपेक्ष’ असे काहीसे ते म्हणत. ज्याने प्रत्येक शिक्का नाकारला त्याच्या कॅनव्हासावर मरणोत्तर आपला शिक्का उठविणे म्हणजे त्या चित्राकडे न पाहणे होय. ‘हे नारळाचे झाड आहे’ असे म्हणून आपण चित्र संपवितो. ‘ही प्रार्थना आहे’ असे म्हणूनही ते संपवितोच. पहिली चूक भोळी आहे, दुसरी भाविक. पण चूक एकच.

मग श्रद्धावंताला येथे काही नाहीच काय? आहे, पण ते दुसऱ्या वाटेने. दक्षिण फ्रान्समधील व्हॉन्स येथे दोमिनिकन भगिनींसाठी आंरी मातिस यांनी एक लहान प्रार्थनामंदिर उभारले. १९५१ साली त्याचे पवित्रीकरण झाले. सत्तरी उलटलेल्या, आजारी मातिस यांनी तेथे रेघ आणि रंग यांची चक्क वाटणी करून टाकली. एका बाजूच्या भिंतींवर पांढऱ्या फरशा आणि त्यांवर नुसत्या काळ्या रेघा : संत दोमिनिक यांची उभी आकृती, तिला चेहराच नाही. समोरच्या बाजूला रंगीत काचांच्या खिडक्या : पिवळा, हिरवा, निळा, एवढेच रंग. ऊन आले की खिडकीतील रंग पांढऱ्या भिंतीवर पडतात आणि काळ्या रेघांवरून सरकत जातात. रेघ जागची हलत नाही, रंग थांबत नाही, आणि दोहोंचा मेळ सूर्य घालतो. येथे धर्म हा विषय चित्रकाराने आपण होऊन स्वीकारला होता, म्हणून तेथे आपण त्याविषयी मोकळेपणाने बोलू शकतो. गायतोंडे यांच्यापुढे आपण फक्त पाहू शकतो. पण ज्याला नुसते पाहता येत नाही, वस्तूवर लगेच आपला अर्थ लादल्याशिवाय दोन मिनिटे उभे राहता येत नाही, त्याला माणसापुढे तरी तसे कसे उभे राहता येईल, असा प्रश्न आम्हांला पडतो. रोग्याच्या खाटेशी किंवा शोकाकुल घरात आपण पुष्कळदा याच घाईने बोलून मोकळे होतो.

या चित्रकाराच्या जीवनात शेवटी एक वळण आले. ते सांगितल्याविना रेघेची कथा पुरी होत नाही. १९८४ साली दिल्लीत त्यांना अपघात झाला. मानेला दुखापत झाली आणि उभे राहून मोठ्या कॅनव्हासवर रोलर फिरविणे अशक्य झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी लहान कागद घेतले, शाई घेतली आणि रेखाचित्रे केली. ज्या रेघेला त्यांनी वीस-पंचवीस वर्षे मागे सारले होते तीच, हात दुबळा झाला तेव्हा, मदतीला आली. मात्र ती आता वस्तूची हद्द आखणारी रेघ नव्हती. तिला कशाचेच चित्र काढायचे नव्हते. कागदावर काही खुणा, मध्ये पुष्कळसा रिकामेपणा. ज्याने रंगाचे थर काढून टाकण्यात आयुष्य घालविले त्याने जणू रंगही काढून टाकला. काही समीक्षक या कागदांना सक्तीच्या विश्रांतीतले किरकोळ काम समजतात. आम्हांला तसे वाटत नाही. रेघ आणि रंग हे मालकीण आणि चाकर नव्हेत, तसे वैरीही नव्हेत. एकाला दूर ठेवले तरी दुसऱ्यात तो लपून असतो, हे या लहान कागदांतून कळते. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले, परंतु नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस काम थांबले.

२०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. जग त्यांना ओळखू लागले आहे. मराठी माणसाने त्यांना ओळखावे म्हणून सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’च्या द्वारे फार मोलाचे काम केले आहे. आमच्या वाचकांना आमची विनंती साधी आहे. मुलाबाळांना घेऊन मुंबईला जाणे झाले तर गेटवेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आधुनिक कला संग्रहालय आहे; तेथे एक फेरी मारावी. गायतोंडे यांचे चित्र लावलेले असेल तर घड्याळ लावून पाच मिनिटे त्याच्यापुढे थांबावे. मुलांना ‘काय दिसते?’ असे विचारू नये. ‘कोणता रंग आधी लावला असेल?’ असे विचारावे.

कारण ‘काय आहे?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर असते आणि ते मिळाले की पाहणे संपते. ‘कसे झाले?’ या प्रश्नापाशी पाहणे सुरू होते. हे आम्हांला फार उशिरा कळले. त्या मुलीचा कागद स्पर्धेनंतर इतर कागदांबरोबर रद्दीत गेला. तो परत आणता येत नाही आणि तो निकालही आता दुरुस्त करता येत नाही. तिने काळा रंग आधी लावला होता की जांभळा, हे आम्ही विचारलेच नाही. ती सांगू शकली असती. पाणी येऊन गेल्यावर वावर वरून आधी सुकते आणि खाली ओल राहते, हे तिने पाहिले होते, आणि एकही रेघ न काढता ते कागदावर उतरविले होते.

यंदाच्या नाताळात स्पर्धा पुन्हा घेतली. विषय दिला नाही. प्रत्येक मुलाजवळ बसून आम्ही एवढेच विचारले, ‘हे कसे केलेस?’ निकाल लावायला संध्याकाळ झाली, कारण मुले सांगत राहिली.